डॉबीचा पगार किती?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या आष्टीच्या वाचनालयात भांडण झाले. हातघाईवर आलेले नव्हे, पण आवाज असा चढला की समोरच्या टपरीवरचे दोघे-तिघे चहाचे कप हातात घेऊनच दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटले, निवडणुकीचे काहीतरी असणार. आष्टीत एवढ्या आवाजात माणसे दुसऱ्या कशावर बोलतात? पण विषय होता एका इंग्रज पोराचा. त्याचे नाव हॅरी पॉटर.

आमच्या वस्तीतला एक तरुण पुण्यात नोकरीला आहे. त्याने या मालिकेची मराठी पुस्तके वाचनालयाला भेट दिली. मूळ लेखिका जे. के. रोलिंग. 1997 ते 2007 या दहा वर्षांत सात पुस्तके निघाली, 2001 ते 2011 या काळात त्यांवर आठ चित्रपट निघाले. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने ही मालिका मराठीत आणली. पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. 'परीस' हा शब्द वाचून आम्हाला बरे वाटले. पाहुणा आपल्या घरात येऊन आपल्या भाषेत पाणी मागतो, तसे.

पण आमच्या पोरांत दोन तट आहेत. अर्ध्यांनी चित्रपट हिंदीत पाहिले, पुस्तकाला हात लावला नाही. उरलेल्यांनी पुस्तके वाचली, आणि चित्रपटात काय गाळले याची यादी त्यांच्या तोंडपाठ आहे. चित्रपटवाले आणि पुस्तकवाले समोरासमोर आले की आमच्यासारख्या वडीलधाऱ्याला पंच व्हावे लागते.

ही खोड नव्या पोरांनाच आहे असे कोणी म्हणू नये. 1994 साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो. दर रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यापर्यंत गर्दी. क्रूरसिंगाचे 'यक्कू' आम्हीही गल्लीभर ओरडत फिरलो. तेव्हा एक म्हातारे गुरुजी कपाळाला हात लावून म्हणायचे, 'अरे, देवकीनंदन खत्रींची 1888 सालची कादंबरी वाचा, यात त्यातले उरले काय?' आम्ही त्यांना हसायचो. आज गुरुजींच्या जागी आम्ही बसलो आहोत.

तर त्या दिवशीचा पहिला वाद पाटलांवर होता. हॅरीच्या शाळेत पार्वती आणि पद्मा पाटील अशा जुळ्या बहिणी आहेत. पुस्तकात पार्वती हॅरीच्या गटात आणि पद्मा दुसऱ्या गटात. चित्रपटात दोघींना एकाच गटात घातले. एक पोरगा म्हणाला, "काका, पाटील म्हटल्यावर इंग्लंडमधीसुद्धा दोन जागा राखीव पाहिजेत का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण पुढचा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

तो वाद होता डॉबीवर.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गोष्टीतल्या श्रीमंत जादूगारांच्या घरी एक प्रकारचे बुटके जीव राबतात. इंग्रजीत त्यांना हाउस एल्फ म्हणतात. आम्ही आमच्यापुरते 'घरगडी' म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला बांधलेले. पगार नाही, सुटी नाही. अंगावर उशीचा जुना अभ्रा. धन्याने अंगावर घालायचा कपडा दिला की घरगडी सुटतो. म्हणून धनी कपडा देतच नाही. चूक झाली की घरगडी स्वतःच स्वतःला मारून घेतो, धन्याला हातसुद्धा उचलावा लागत नाही. डॉबी हा मॅल्फॉय नावाच्या दुष्ट घराण्याचा गडी. दुसऱ्या पुस्तकात हॅरी युक्तीने एक मोजा त्याच्या हाती पडेल असे करतो आणि डॉबी मोकळा होतो.

कपड्यावरून गुलाम ओळखायचा, ही गोष्ट आपल्या वाचकांना समजावून सांगावी लागत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने बदलायला सांगितले ते यासाठीच. अस्पृश्य ओळखू येईल अशी खूण अंगावर ठेवू नका, हा त्याचा अर्थ. म्हणून डॉबी मोजा छातीशी धरतो तेव्हा आमच्या वाचनालयातली पोरे गप्प होतात.

चित्रपटवाल्यांचा पुढारी, दहावीतला पोरगा, म्हणाला, "डॉबी एक नंबर. सातव्या पिक्चरमधी तो मरतो तेव्हा मी रडलो. हॅरी स्वतःच्या हातानं त्याची कबर खांदतो. आणखी काय पाहिजे?"

खरे आहे ते. वेल्समधल्या ज्या समुद्रकिनाऱ्यावर ते दृश्य चित्रित झाले तिथे लोकांनी डॉबीची समाधीच मांडली आहे. इतके लोक तिथे मोजे ठेवू लागले की 2022 साली किनारा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला सांगावे लागले, समाधी राहू द्या, पण मोजे टाकू नका. एका काल्पनिक गड्यासाठी माणसे एवढी हळहळली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. नववीत आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या तालुक्यातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांवर निघतात, ती पाडव्याच्या आसपास परततात. ही आजीपाशी राहते आणि वाचनालयातल्या पुस्तकांवर तुटून पडते. ती म्हणाली, "पिक्चरमधी डॉबी सुटला म्हणजे सगळेच सुटले असं वाटतं. पुस्तकात तसं नाही. बाकीचे तिथंच हायेत. हॅरीच्या शाळेच्या स्वयंपाकघरातच शंभरावर हायेत."

दारातले चहावालेही आत सरकले.

तिचे म्हणणे खरे आहे. चौथे पुस्तक 2000 साली आले. त्यात हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला कळते की शाळेत रोज पानात येणारे सुग्रास जेवण जादूने होत नाही. तळघरातल्या स्वयंपाकघरात शंभराहून जास्त घरगडी फुकट राबतात. मॅल्फॉयच्या वाड्यात नव्हे, भल्या डंबलडोर गुरुजींच्या शाळेत. हर्मायनी जेवणाचे ताट बाजूला सारते आणि संघटना काढते. सभासद वर्गणी दोन सिकल, त्यात एक बिल्ला. रॉन खजिनदार, हॅरी चिटणीस. नावाचा संक्षेप असा जमला की इंग्रजीत त्याचा अर्थ ओकारी होतो. सगळे तिची टिंगल करतात. पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याने ती प्रकरणे वाचावीत. आम्हाला तर आमचीच फजिती वाचतो आहोत असे वाटले.

आणि या संघटनेचा चित्रपटात एक शब्दही नाही. मालकाने काढून टाकले म्हणून रडरड रडणारी विंकी नावाची घरगडीण पुस्तकात आहे. चित्रपटात ती आलीच नाही. डॉबी दुसऱ्या चित्रपटात दिसतो तो एकदम सातव्यात, मरायला. मधल्या चार चित्रपटांत त्याचा पत्ता नाही. चौथ्या पुस्तकात हॅरीला पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून डॉबी औषधी वनस्पती आणून देतो. चित्रपटात ते श्रेय एका विद्यार्थ्याला दिले. क्रीचर नावाचा दुसरा गडी तर पाचव्या चित्रपटातून गळणारच होता. लेखिकेनेच सांगितले की त्याला काढाल तर पुढे अडचणीत याल, म्हणून तो वाचला.

दहावीतला पोरगा म्हणाला, "अगं, अडीच तासांत काय काय दाखवतील?" मुद्दा बरोबर आहे. जाड पुस्तकाचा चित्रपट करायचा तर कात्री लागणारच. पण मुलीने त्याला विचारले, "मग कात्री दरवेळी तिथंच कशी लागते?"

आणि तिने स्नेपचे उदाहरण दिले. स्नेप हा या गोष्टीतला सर्वांत भांडकुदळ विषय. मास्तर चांगला की वाईट, यावर जगभर वाचक भांडत आले. शेवटी कळते की हॅरीच्या मेलेल्या आईवरच्या, लिलीवरच्या, प्रेमापोटी त्याने आयुष्यभर धोका पत्करला. चित्रपट पाहून निघालेली पोरे स्नेपच्या नावाने डोळे पुसतात. पण ती मैत्री तुटली कशाने? या जादूगारांत शुद्ध रक्ताचा माज आहे. ज्याचे आईबाप जादूगार नाहीत त्याला ते चिखलाच्या रक्ताचा म्हणतात. हर्मायनीचे आईबाप दातांचे डॉक्टर, म्हणून वर्गात पहिली येऊनही ती चिखलाची. हाच शब्द तरुण स्नेपने लिलीला चारचौघांत ऐकवला. नंतर त्याने माफी मागितली. लिलीने दिली नाही. कारण इतरांना तो हाच शब्द रोज वापरत होता.

दुसऱ्या चित्रपटात हा शब्द खलनायकाचा पोरगा हर्मायनीला म्हणतो, ते ठेवले आहे. स्नेपच्या तोंडचा मात्र गाळला.

"एकदा रागात तोंडातून गेला असंल," दहावीतला पोरगा म्हणाला.

मुलगी काही बोलली नाही. बाकीचेही बोलले नाहीत. शाळेत, एस.टी. स्टँडवर, पाण्याच्या टाकीपाशी रागात तोंडातून गेलेला शब्द त्या खोलीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला होता. त्या पोरानेही. तोच थोड्या वेळाने म्हणाला, "नाही, बरोबर हाये. लिलीनं बरोबर केलं."

वाचकहो, आम्ही बी.कॉम. आहोत, जमा आणि खर्च अशी दोन खाती मांडली की आम्हाला गोष्ट कळते. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाची आम्ही दोन खाती मांडली. दुष्टांनी केलेला अन्याय चित्रपटात राहिला: मॅल्फॉयने डॉबीला लाथाडणे राहिले, त्याच्या पोराची शिवी राहिली. भल्या माणसांच्या घरातला अन्याय गळाला: डंबलडोरचे स्वयंपाकघर गेले, ज्याच्यासाठी रडायचे त्या स्नेपच्या तोंडचा शब्द गेला. कोणी बसून कट केला असे आम्ही म्हणत नाही. गोष्ट आटोपशीर करताना पहिल्यांदा गळते ते आपल्याच माणसांना अवघड वाटणारे, एवढेच. अन्याय परक्या वाड्यात असला की प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. आपल्या स्वयंपाकघरात निघाला की खुर्ची टोचू लागते.

आता हर्मायनीचे. आम्हाला वाटले होते मुलगी तिचीच बाजू घेईल. तिने विचारले, "काका, खजिनदार रॉन, चिटणीस हॅरी. मग डॉबीला अध्यक्ष का नाही केलं?"

आम्हाला उत्तर सुचले नाही.

पाचव्या पुस्तकात हर्मायनी लोकरीच्या टोप्या विणते आणि कचऱ्याखाली लपवून ठेवते. झाडायला आलेल्या घरगड्याने नकळत टोपी उचलली की तो मोकळा, अशी युक्ती. घरगड्यांना तो अपमान वाटतो. ते त्या खोल्या झाडायलाच येत नाहीत. सगळ्या टोप्या एकटा डॉबी उचलून नेतो. सुटका करायची, पण ज्याची करायची त्याला विचारायचे नाही. आणि वर्गणी? आम्ही हिशेब केला. त्या दुनियेत सतरा सिकलचा एक गॅलियन. शाळेतल्या गड्यांना पगार शून्य. दोन सिकल भरून त्यांनी स्वतःच्याच संघटनेचे सभासद व्हायचे म्हटले तरी ते होऊ शकत नव्हते.

पगार घेणारा एकटा डॉबी. डंबलडोर त्याला आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवार सुटी देऊ करतात. डॉबी घासाघीस करून ते खाली आणतो: आठवड्याला एक गॅलियन, महिन्याला एक सुटी. त्या पगारातून तो लोकर आणतो आणि मोजे विणतो. हर्मायनीला हा पगार कमी वाटतो. आम्हालाही पहिल्यांदा तसेच वाटले.

इथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतकी वर्षे आम्हीही ती गाळत आलो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या मंडळात नवा उत्साह होता. वस्तीतल्या एक आक्का तीन घरी धुणीभांडी करायच्या. पगार अगदी तुटपुंजा. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झालेला होता. तो वाचून आम्ही पेटलो. मंडळाची बैठक घेतली, आक्कांच्या नावाने पगारवाढीचा अर्ज लिहिला आणि तिन्ही घरी स्वतः नेऊन दिला. अक्षर आमचेच, चांगले वळणदार. आक्कांना विचारायचे राहून गेले. राहून गेले म्हणजे, विचारायचे असते हेच सुचले नाही.

आठवड्यात तिन्ही कामे गेली. आक्का आमच्या दारात आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, माझ्या भाकरीचा अर्ज मला न विचारता कसा दिला?"

नवी कामे मिळायला चार महिने गेले. त्या काळात मंडळाने धान्य दिले. त्यांनी ते घेतले, पण आमच्याशी बोलल्या नाहीत. पुढे दोन वर्षांनी त्यांनीच वस्तीतल्या सहा-सात बायका जमवल्या आणि ज्या त्या घरी सगळ्यांनी एकाच दिवशी एकच मागणी केली. पगारवाढ नव्हे, महिन्याला दोन सुट्या. आम्ही विचारले, आधी पगार का नाही? तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, सुटी मिळाली तर बाकीचं बोलायला एकत्र बसता येतं."

हे वाचनालयात सांगून झाल्यावर आम्ही चष्मा पुसत बसलो. मुलगी म्हणाली, "म्हणजे आक्कांनी डॉबीसारखं केलं."

होय. आणि डॉबीने कमी मागितले म्हणून तो भोळा, हे आमचे मत त्या दिवशी बदलले. आपला भाव आपण ठरवायचा, हेच त्याला पहिल्यांदा मिळाले होते.

याचा अर्थ हर्मायनी चुकली म्हणून गप्प बसायला हवी होती, असा नाही. तिच्यावर हसणाऱ्या रॉनचे म्हणणे काय होते? गड्यांना गुलामी आवडते. हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी फार ऐकले आहे. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. वतनाचा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात रात्रंदिवस राबवणारी ती पद्धत. पण वतन हा आपला मान आहे असे मानणारे आपल्यातही होते. विंकीला मोकळे झाल्याची लाज वाटते, ती याच जातीची लाज. ती आवड नसते. पिढ्यांची सवय असते. तिच्याशी बोलावे लागते, ऐकून घ्यावे लागते, पुन्हा बोलावे लागते. कचऱ्याखाली टोपी ठेवून ते काम होत नाही.

रॉनही शिकतो, बरे का. शेवटच्या लढाईत त्यालाच आठवते की खाली स्वयंपाकघरात घरगडी आहेत, त्यांना बाहेर काढले पाहिजे. ते ऐकून हर्मायनी त्याला मिठी मारून त्याचे चुंबन घेते. चित्रपटात चुंबन आहे, पण दुसऱ्याच प्रसंगी. गड्यांची आठवण गेली. पुढे क्रीचरच्या मागे सगळे घरगडी सुऱ्या घेऊन लढाईत उतरतात. तेही पुस्तकातच.

मग शेवट बरोबर आहे का? यावर आमच्याकडे मतदान झाले नाही, कारण अंधार पडला. पण पुस्तकवाल्यांचीही एक तक्रार नोंदवून ठेवतो. लढाई संपते, दुष्ट मरतो, आणि दमलेल्या हॅरीच्या मनात येते, क्रीचर आपल्याला खायला काही वर आणून देईल का. नंतर एकोणीस वर्षांनंतरचे एक प्रकरण आहे: रेल्वे स्टेशन, लग्ने झालेली, पोरे शाळेला निघालेली. त्यात घरगड्यांचे काय झाले, याची एक ओळ नाही. म्हणजे लेखिकेनेही शेवटी स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. मुलगी म्हणाली, "पाडव्याला आईबाप येतात. उचल फिटलेली असते. मग दसऱ्याला पुन्हा नवी उचल. गोष्ट संपली असं नुसतं म्हणतात, काका."

या मालिकेवर आता नवी दूरचित्रवाणी मालिका निघते आहे. 2023 साली तिची घोषणा झाली, 2025 मध्ये चित्रीकरण सुरू झाले. एका पुस्तकाला एक अख्खा हंगाम देणार म्हणतात. म्हणजे 'अडीच तासांत काय दाखवणार' ही सबब आता उरली नाही. चौथ्या हंगामात ते स्वयंपाकघर दिसते का, स्नेप तो शब्द उच्चारतो का, हे आमची पोरे डोळ्यांत तेल घालून पाहणार आहेत.

वाचकांना आमची एक विनंती. तुमच्या घरची मुले अशा गोष्टींवर भांडत असतील तर 'अभ्यास करा' म्हणून उठवू नका. जवळ बसा. फक्त एवढे विचारा, की या गोष्टीत भाकरी कोण भाजते, तिला पगार किती, आणि तिला कोणी विचारले का?

त्या रात्री आम्ही घरी आलो, नेहमीसारखे खुर्चीत बसलो आणि नेहमीसारखे आत पाहून म्हणालो, "चहा मिळेल का?" म्हणता म्हणता क्रीचर आठवला. उठलो, आत गेलो, स्टोव्ह पेटवला. आमच्या आयुष्मती दिवसभर शिवणयंत्रावर होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "साखर खालच्या डब्यात आहे. वीस वर्षं तिथंच आहे."